आलो की आलोय?

सकाळी सहा

संगकच्या भट्टीपुढे रोज दोन रांगा लागतात. एक घरभरासाठी चार-पाच नान नेणाऱ्यांची, दुसरी माझ्यासारख्या एकट्या जिवांची, एकच नान हवा असणाऱ्यांची. संग म्हणजे दगड, आपल्या संगमरवरातला तोच. तापलेल्या खड्यांवर हातभर लांब नान भाजतात आणि त्याच्या पोटात रुतलेले खडे घरी नेण्याआधी झटकून काढायचे असतात. भट्टीवाला मान वर न करता विचारतो, ‘सादे या कुंजेदी?’ साधा की तिळाचा? ‘सादे’ला आवाज चढतो, ‘कुंजेदी’ला उतरतो. तेहरानमधल्या पहिल्याच आठवड्यात मी याला ‘बले’, म्हणजे ‘हो’, असं उत्तर दिलं होतं. मागची अख्खी रांग हसली. मधला ‘या’ मला गडबडीत ऐकूच आला नव्हता. शेवटचा उतार नीट ऐकला असता तरी भागलं असतं. उतरत्या आवाजाला ‘हो’ म्हणून उत्तर देत नाहीत, निवड सांगतात.

आज मी ‘सादे’ म्हणते आणि नान घडी करून काखेत मारते. खडा एखादा राहतोच.

माझा धंदा दुभाष्याचा. पुण्यात वाढले. फारसी आधी कानावर पडली ती सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या इराणी विद्यार्थिनींच्या जिन्यातल्या गप्पांतून, व्याकरण नंतर आलं. आता इथे भारतातून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी रोजावर काम करते. माझ्या वहीत फारसी वाक्यं देवनागरीत लिहिलेली असतात आणि शिरोरेषेच्या वर पेन्सिलीने टेकड्या काढलेल्या असतात. जिथे आवाज चढला तिथे टेकडी. वही पाहणाऱ्यांना वाटतं, बाईला कंटाळा आला की ती डोंगर काढते.

साडेसात

तजरीशपर्यंत शेअर टॅक्सी. वलीअस्र रस्त्याच्या कडेला, चिनारांखाली उभं राहायचं आणि वेग कमी करणाऱ्या गाडीकडे फक्त ठिकाणाचं नाव फेकायचं. ‘तजरीश?’ क्रियापद नाही, ‘जाणार का’ नाही. पुस्तकी फारसीत प्रश्नाच्या आधी ‘आया’ लावतात. बातम्या देणारे लावतात, वकील लावत असतील, रस्त्यावर कोणी लावत नाही. रस्त्यावर प्रश्न ओळखायचा तो शेवटच्या अक्षराच्या शेपटीवरून. ती वर गेली आणि जराशी लांबली की प्रश्न. ड्रायव्हरही तेच नाव परत करतो, पण खाली आणून. ‘तजरीश.’ एकच शब्द, एकदा चढलेला, एकदा उतरलेला, आणि करार झाला.

मग मेट्रो, पहिली लाइन, उत्तरेकडून दक्षिणेकडे. तेहरान हा डोंगराच्या पायथ्याला टेकलेला उतार आहे. लोक उत्तरेला ‘वर’ आणि दक्षिणेला ‘खाली’ म्हणतात. बायकांच्या डब्यात मोजे आणि केसांच्या पिना विकणाऱ्या फिरत असतात. ‘खानुमाऽ’ अशी त्यांची हाक. ‘खानुम’ या शब्दाचा जोर एरवी शेवटच्या अक्षरावर असतो, पण हाक मारताना तो उडी मारून पहिल्यावर येतो. फारसीत सगळ्या नामांचं असंच. ‘पेदर’, बाप, याचा ‘दर’ उंच, आणि ‘बाबा, अहो’ अशा अर्थी हाक मारली की ‘पे’ उंच. आपण याच कामासाठी शब्दाचं रूप बदलतो, ‘देव’चा ‘देवा’ करतो, ‘मुलगा’चा ‘मुला’. शाळेत आठवी विभक्ती म्हणून पाठ केलेलं संबोधन. इथे विभक्ती नाही, नुसती टेकडी सरकते.

दरवाजे-दौलत स्टेशनाला उतरते. दरवाजा आणि दौलत, दोन्ही आपलेच वाटणारे.

पावणेनऊ

हॉटेलच्या दिवाणखान्यात अण्णा तयार बसलेत. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, वय साठीच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी. आयुष्य सौद्यात गेलेलं. मलायरचा बेदाणा पाहायला आलेत. मलायर हे इराणातलं द्राक्षांचं आणि बेदाण्याचं गाव. तिथला माल तेहरानच्या बाजारात येतो, म्हणून मुक्काम इथे. मी त्यांना पहिल्या दिवशी सांगितलं की बेदाणा हा शब्दच फारसी आहे, ‘बी-दाने’, बी नसलेला. अण्णा म्हणाले, “मग इथं मागितला तर कळंल की.” नाही कळत. इथे त्याला किशमिश म्हणतात.

बाजारापर्यंत टॅक्सी केली. उतरताना अण्णांनी पाकीट काढलं. ड्रायव्हर म्हणाला, ‘काबेली नदारे.’ शब्दशः, याची काही किंमत नाही, राहू द्या. मी अजून दार ढकलत होते, म्हणून जसं ऐकलं तसं मराठीत बोलून गेले. “राहू द्या म्हणतोय.” अण्णांनी पाकीट खिशात घातलं, हात जोडले आणि म्हणाले, “लई देवमाणूस.”

ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

याला तारोफ म्हणतात. पैसे घेणाऱ्याने नको म्हणायचं, देणाऱ्याने आग्रह करायचा, दोन-तीन फेऱ्या झाल्या की पैसे हातात जातात आणि दोघांचाही मान राहतो. चूक माझी होती. शब्द मी बरोबर सांगितले, चाल सांगितली नाही. शिष्टाचाराचं ‘काबेली नदारे’ सपाट असतं, भरभर, पायरीवरून घरंगळल्यासारखं, शेवट ढिला. खरोखर पैसे नको असलेला माणूस ‘नदारे’च्या ‘न’वर उभा राहतो, हात आडवा करतो आणि तेच पुन्हा, अधिक उंच म्हणतो. मी धावत जाऊन पैसे दिले. त्याने आणखी एकदा ‘काबेली नदारे’ म्हटलं आणि मोजून घेतले.

“मग आधी न्हाई कशाला म्हनला त्यो?” अण्णांचा प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “अण्णा, तुम्ही पाहुण्याला ‘जेवूनच जावा’ म्हणता ना दारात उभं राहून, त्यातलं.” त्यांना ते लगेच कळलं.

दहा

बाजार म्हणजे छपराखालचं गाव. हातगाडीवाले मागून येतात आणि ‘बेपा!’ म्हणून ओरडतात, जपून! अण्णांना अर्थ सांगायची गरज पडली नाही, ते भिंतीला चिकटले.

किशमिशचे व्यापारी हाजी आगा यांची पेढी वरच्या मजल्यावर. मला ते ‘दुख्तरम’ म्हणतात, माझ्या मुली. हा शब्द संस्कृतातल्या ‘दुहिते’चा सख्खा. चहा आला, खडीसाखर आली, हालहवाल झाली. हालहवाल इथे चांगली पाच मिनिटं चालते आणि तिच्यात एकही वाक्य बातमी देत नाही. मी तिचं भाषांतर करत नाही. फक्त म्हणते, “बरं विचारतायत.”

मग धंद्याचं बोलणं. हाजी आगा म्हणाले, ‘मा हर साल अज मलायेर किशमिश मीआरीम.’ मराठी वाचकाला यातलं ‘हर साल’ आणि ‘किशमिश’ फुकट मिळतं. आम्ही दरसाल मलायरहून किशमिश आणतो. पण अण्णा माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “ह्यो सांगतोय का इचारतोय? आपल्याच मालाबद्दल ह्याला खात्री दिसना.”

बरेच मराठी लोक इथे अडखळतात. फारसी साधं विधान एकेका टप्प्याने चढत जातं. ‘हर साल’ला एक टेकडी, ‘अज मलायेर’ला दुसरी, प्रत्येक टप्प्याचं शेवटचं अक्षर उंच. जणू बोलणारा दर टप्प्याला मागे वळून पाहतो, येताय ना माझ्याबरोबर? ‘किशमिश’ला शेवटची टेकडी आणि मग ‘मीआरीम’ घसरून तळाला. तो तळ लागला की वाक्य संपलं, विधान झालं. आपल्या कानाला मधले चढ शंका वाटतात. खरं तर ते फक्त ‘अजून आहे, थांबा’ एवढंच सांगत असतात. मी अण्णांना म्हटलं, “शेवट बघा, खाली आला का? आला म्हणजे सांगतोय.” अण्णांनी मान डोलावली, पण हाजी आगांवरचा त्यांचा अविश्वास पुढचा तासभर टिकला. एकदा कानाने दिलेला निकाल डोकं सहजासहजी बदलत नाही.

दोन प्रकारचा माल बोलण्यात आला. ‘तीजाबी’, म्हणजे क्षारी पाण्यात बुडवून वाळवलेला, आणि ‘आफ्ताबी’, नुसता उन्हात वाळवलेला. तासगावकडे द्राक्षं बुडवून शेडमध्ये सावलीत वाळवतात, त्यामुळे अण्णांनी ‘बुडवून’ म्हटल्याबरोबर बुडवायच्या पाण्यात काय काय घालता याची चौकशी सुरू केली. दोन म्हातारे पोटॅशवर असे रंगले की दर राहूनच गेला. ही चर्चा मी इथे देत नाही. अर्धी मला कळली नाही, आणि जी कळली ती बहुधा धंद्याचं गुपित असावी.

दरावर आल्यावर मात्र हाजी आगांचा पहिला शब्द ‘नेमीशे’ असा पडला. होत नाही, जमत नाही. फारसी नकार पुढे बसतो आणि वाक्यातली सगळी उंची स्वतःकडे ओढून घेतो. ‘ने’ गगनाला, ‘मीशे’ पायाशी. मराठीत उलट. ‘एवढ्याला द्यायला मला परवडत...’ इथवर बोलणाऱ्याला परतीची वाट मोकळी असते, ‘नाही’ शेवटी येतो. म्हणून मराठी माणूस समोरच्याचं वाक्य संपायची वाट बघत बसतो. इथे पहिल्या अक्षराच्या उंचीवरूनच कळतं की दार लागलं. अण्णांना मी भाषांतर सांगायच्या आत माझ्या चेहऱ्यावरून ते कळत असावं. अशा वेळी मी चहाच्या पेल्याकडे बघते.

साडेबारा

नमुन्यांची पेटी अजून यायची होती. हाजी आगांनी गोदामातल्या पोऱ्याला फोन लावला आणि यंत्र टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. पोऱ्या म्हणाला, ‘आवोर्दम!’ मी अण्णांना सांगितलं, “आणलंय म्हणतो.” अण्णा उठून दारात जाऊन उभे राहिले. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. पेटी नाही.

चूक पुन्हा माझीच, आणि ही दुभाष्याला लाज आणणारी.

लिहिताना फारसीत ‘आणलं’ आणि ‘आणलंय’ वेगवेगळे दिसतात. ‘आवोर्दम’ आणि ‘आवोर्दे-अम’. बोलताना तेहरानी माणूस दुसऱ्यातला ‘ए’ गिळून टाकतो आणि दोन्हींचा सांगाडा एकच होतो, आवोर्दम. फरक उरतो तो फक्त टेकडीचा. ‘वोर्’ उंच असेल तर ‘आणलं’. शेवटचा ‘दम’ उंच असेल तर ‘आणलंय’, काम झालंय, माल इथे आहे. ‘रफ्तम’चंही तसंच. ‘रफ्’ उंच, गेलो. ‘तम’ उंच, गेलोय, जाऊन आलोय. एका ‘य’साठी आपण एक अक्षर खर्च करतो. ते आवाज नुसता पुढच्या पायरीवर ठेवतात.

आणि याच्यावर आणखी एक वळसा आहे, जो मराठी माणसाला मुळीच परका वाटू नये. दारावरची घंटा वाजली की आपण आतून काय ओरडतो? ‘आलो, आलो!’ अजून खुर्चीतून उठलेलोही नसतो. भूतकाळ वापरतो आणि भविष्यकाळ सांगतो. तेहरानमध्ये घंटा वाजली की आतून आवाज येतो, ‘ऊमदम!’ शब्दशः, आलो. निघताना म्हणतात, ‘रफ्तम!’ गेलो, म्हणजे निघालो. आणि चहावाला काउंटरमागून ओरडतो, ‘आवोर्दम!’ आणलाच! पोऱ्याने ‘वोर्’वर जोर देऊन हेच म्हटलं होतं. आणतोच आत्ता. मी फोनच्या खरखरीत शेवटचं अक्षर उंच ऐकलं, कारण मला तसं ऐकायचं होतं, भूक लागली होती.

एक वाजता पोऱ्या घामाघूम होऊन पेटी घेऊन आला. हाजी आगा ओरडले, ‘मन गोफ्तम साअत-ए दह!’ मी म्हटलं दहा वाजता. ‘दह’ उंच आणि शिल्लक काहीच नाही, म्हणजे दहालाच म्हटलं होतं. पोऱ्याने तेच शब्द उलटे फेकले, पण त्याचा ‘शोमा’, तुम्ही, उंच आणि पुढचं सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट. ‘दहा तुम्हीच म्हणालात, मला कुणी सांगितलं नाही’ असा त्या सपाटीचा अर्थ. आपण ‘च’ चिकटवतो, ते शब्दाला डोंगरावर चढवतात आणि त्याच्या मागचा सगळा मुलूख सपाट करतात. भांडण ऐकताना हे फार सुंदर दिसतं, आपल्यावर येत नाही तोवर.

अण्णांनी बेदाणा तळहातावर घेतला, दाबला, उन्हाकडे धरला, एक तोंडात टाकला. त्या पाच मिनिटांत त्यांना माझी गरज नव्हती.

पावणेदोन

जेवण बाजारातल्या कबाबाच्या खानावळीत. अण्णा माळकरी, म्हणून मी त्यांच्यासाठी कश्क-ए बादेमजून मागवलं, वांग्याचं भरीत म्हणावं असं, वर घट्ट आंबट दह्यासारखं कश्क. वेटरला खात्रीसाठी विचारलं, ‘गुश्त नदारे?’ मांस नाही ना? तो म्हणाला, ‘गुश्त नदारे.’ नाही. शब्द तेच, क्रम तोच. माझं शेपूट वर गेलं, त्याचं खाली आलं. अण्णा कान टवकारून ऐकत होते. मग वेटरला काय वाटलं कोण जाणे, तो एकदम थांबला, भुवया चढवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘गुश्त नदारे?!’ या वेळी आवाज मधूनच उसळला आणि वर जाऊन तिथेच लोंबकळला. म्हणजे, मांस नाही आणि ते तुम्हाला हवंय? मांसाशिवाय जेवणार?

“आता दोगं मिळून तीनदा तेच म्हनला,” अण्णा म्हणाले, “पन तीन गोष्टी म्हनल्या.”

मी चमच्याने भरीत सारखं करत होते. ही ओळ मी वहीत लिहून घेतली.

चार

अण्णा हॉटेलवर आडवे झाले आणि मी वर, म्हणजे उत्तरेला, माझ्या उस्तादांकडे गेले. इथे प्राध्यापकाला उस्ताद म्हणतात. ते बाग-ए फिरदौसजवळ राहतात, दहखुदा शब्दकोशाच्या संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. निवृत्त आहेत, आणि आठवड्यातून एकदा मला तास देतात. तासाचा नियम एकच, शब्द वापरायचे नाहीत. उस्ताद तोंड मिटून एक वाक्य गुणगुणतात, म्ऽम्-म्म्-म्, आणि मी सांगायचं की ते विधान होतं, प्रश्न होता, हाक होती की नुसता तारोफ. आज दहात सात बरोबर आले. चुकलेल्या तिन्हींत तारोफ होता.

त्यांच्या टेबलावर तकी वहीदियान कामियार यांचं मशहदहून निघालेलं पुस्तक असतं, ‘नवा-ए गुफ्तार दर फारसी’. फारसीतली बोलण्याची ‘नवा’. आपल्याला ‘नवा’ म्हटलं की नवीन आठवतं. इथे नवा म्हणजे सूर, लकेर. इराणी शास्त्रीय संगीतात सात दस्तगाह आहेत, त्यांतल्या एकाचंही नाव नवा. उस्ताद म्हणतात, बोलण्याला त्यांनी हाच शब्द वापरला ही अर्धी समीक्षा झाली.

मग संगणक. ॲमस्टरडॅमच्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेला ‘प्रात’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे. डच भाषेत प्रात म्हणजे बोलणं. आवाज त्यात टाकला की स्वराची उंची निळ्या रेघेत उमटते. माझ्या पेन्सिलीच्या टेकड्यांचे हे खरे डोंगर. ‘किशमिश’मधल्या दोन्ही ‘श’ला रेघ तुटते, कारण ‘श’मध्ये कंठ कापत नाही, आणि तरी कानाला चाल अखंड ऐकू येते. उस्तादांनी ‘मर्दी’ हा शब्द दोनदा म्हटला. डोंगर पहिल्या अक्षरावर, अर्थ ‘एक माणूस’. शेवटच्या अक्षरावर, अर्थ ‘मर्दपणा’. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवले तर लहान मूलही फरक सांगेल. कानाला मात्र मला चार वर्षं लागली.

मी त्यांना दुपारची ‘आवोर्दम’ची फजिती सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, फारसीत नामाचा जोर शेवटी असतो आणि क्रियापदाचं गणित वेगळं असतं हे परक्या माणसांनी फार पूर्वीच टिपलंय. पोलिश वंशाचा आणि रशियाच्या वकिलातीत इराणमध्ये राहिलेला अलेक्सांडर खोज्को १८५२ सालच्या आपल्या फ्रेंच व्याकरणात याची नोंद करतो. शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, चार्ल्स फर्ग्युसन फारसी शब्दांतल्या आघातावर स्वतंत्र लेख लिहितो. ‘आम्हाला स्वतःला हे दिसत नाही, कारण आमच्या लिपीत ऱ्हस्व स्वरही लिहीत नाहीत, मग डोंगर कुठून लिहिणार?’

यावर मी त्यांना माझ्या पिशवीतलं एक छायाप्रतीचं पान दाखवलं. माधवराव पटवर्धनांच्या, म्हणजे कवी माधव जूलियन यांच्या, १९२५ सालच्या ‘फार्शी-मराठी कोशा’तलं. मी त्यांना शब्द वाचून दाखवत गेले, निरख, दफ्तर, अर्ज, शाबास. ते प्रत्येक शब्द ओळखायचे आणि प्रत्येक वेळी दचकायचे, कारण मी तो सपाट, मराठी चालीत म्हणत होते. माझा एक कयास आहे, उस्तादांना तो पूर्ण पटला नाही. आपल्याकडे फारसी आली ती बरीचशी कागदावरून, फर्मानातून, दफ्तरातून, चिटणिसांच्या बोरूतून. स्वयंपाकघरातून नाही आली. कागदावर शब्द येतात, चाल येत नाही. म्हणून इतके शब्द आले आणि ‘का’, ‘च’, ‘ना’, ‘म्हणे’, ‘की’ ही सगळी फौज आपल्याला आपलीच ठेवावी लागली. उस्ताद म्हणाले, ‘आमच्याकडेही आहेत, बरं का.’ आणि लगेच उदाहरण दिलं, ‘ऊमदम के!’ शेवटच्या ‘दम’ला उंच ठेवून. आलोय की!

तो ‘के’ आणि आपला ‘की’ यांच्यावर आम्ही पाऊण तास घालवला. तासाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी तीनदा पुढे केले, तिन्ही वेळा ‘न’ उंच होता.

साडेसहा

हॉटेल. अण्णांचा चहा चाललेला. हाजी आगांचा फोन आला तो मीच घेतला. आम्ही सांगितलेल्या दरावर ते म्हणाले, ‘हाला बेबिनिम ची मीशे.’ आता बघू काय होतं. मी फोन कानाशी धरून होते, तरी त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. ‘हाला’चा पहिला ‘आ’ ओढलेला आणि पुढचं सगळं संथ उताराने खाली, घाई नसलेलं.

मी फोन ठेवायच्या आत अण्णा म्हणाले, “बगू म्हनला न्हवं?”

“हो. कसं कळलं?”

“आमच्याकडं सौद्यात असंच म्हंत्यात. बगू काय हुतंय त्ये. म्हंजे त्या दराला न्हाई, पन जाऊ नगा.” त्यांनी बशी खाली ठेवली. “उद्या परत जायाचं. दर थोडा चढवायचा आन् आपन बी बगू म्हनायचं.”

सकाळी ज्या कानाने हाजी आगांना अविश्वासू ठरवलं होतं, त्याच कानाने आता बरोबर सांगितलं. का, ते मला सांगता येणार नाही. ओढलेला ‘आ’ आणि सावकाश उतार कदाचित धंद्याचा असेल, भाषेचा नसेल. मी उद्यासाठी वाक्य लिहून दिलं, अण्णांनी ते देवनागरीत तीनदा वाचलं. ‘हाला बेबिनिम.’ पहिल्या दोन वेळा ते तासगावचं वाटलं. तिसऱ्या वेळी मी ‘हा’वर एक मोठी टेकडी काढून दिली.

साडेआठ

घरी. आईचा फोन. पुण्यात साडेदहा झालेत, ती झोपायच्या आधी करते.

“जेवलीस?”

‘का’ नाही, काही नाही. नुसतं शेपूट वर. मी दिवसभर ज्याला फारसी म्हणत हिंडते ते आई रोज करते, हे मला दरवेळी फोनवरच आठवतं. मी म्हटलं, नाही अजून, कश्क-ए बादेमजून दुपारी जास्त झालं. आई म्हणाली, “तू हल्ली विचारतेस की सांगतेस तेच कळत नाही. प्रत्येक शब्दाला काय गं उचलतेस? ‘दुपारी’, ‘जास्त’... मी वाट बघते, पुढे काही आहे की काय.”

दारावरची घंटा वाजली. मी फोन हातात धरूनच ओरडले, ‘ऊमदम!’

“काय उमदं?” आई म्हणाली. “कोण आलंय?”

समोरच्या फ्लॅटमधल्या खानुम. हातात आशचा, म्हणजे घट्ट सूपचा, वाडगा, वर तळलेला कांदा आणि पुदिना, वाफ निघतेय. गेल्या आठवड्यात त्यांनी दिलेला वाडगा अजून माझ्याकडेच होता. रिकामा कसा परत द्यायचा म्हणून राहिला होता. इथेही भांडं रिकामं परत करत नाहीत. मी ओशाळून नको नको म्हटलं, कशाला उगाच त्रास. त्या म्हणाल्या, ‘काबेली नदारे.’

मी क्षणभर ऐकत उभी राहिले. फोनमधून आईचा आवाज आला.

“काय म्हणतेय ती?”

“म्हणतेय, काही नाही गं एवढं, घे.”

“मग घे की,” आई म्हणाली.